पडदा का चोंदतो? : खारपाणपट्ट्यातील आरओ संयंत्रांविषयी

जानेवारीतली सकाळ होती. दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात आरओच्या खोलीपुढे कॅन घेऊन रांग लागली होती आणि मी आत गेजकडे पाहत उभा होतो. ताशी १००० लिटर शुद्ध पाणी देणारे संयंत्र जेमतेम ७०० लिटर देत होते. तपासणी म्हणावी अशी मी काही केलीच नाही. "मेम्ब्रेन चोंदली आहे, ॲसिडने धुवावी लागेल," असे सांगून मोकळा झालो. रांगेतली एक आजी म्हणाली, "भाऊ, माणसावानी मशीनलेबी हिव भरते काय? मांगच्या साली बी थंडीतच बिघडली होती." सगळे हसले. मीही हसलो. तीन महिन्यांनी त्या संयंत्राच्या चारही मेम्ब्रेन भंगारात गेल्या, तेव्हा मला कळले की त्या सकाळी बरोबर निदान फक्त त्या आजीने केले होते.

मी रसायनशास्त्राचा पदवीधर नाही. बारावीनंतर शिक्षण सुटले, अकोल्यात मोटारीचे वाइंडिंग करण्याचे दुकान टाकले. आरओ संयंत्रांशी माझी गाठ पडली ती त्यांचे जळालेले पंप दुकानात येऊ लागले म्हणून. पंप दुरुस्त करून बसवला तरी काही दिवसांत पुन्हा जळे. कारण शोधता शोधता पंपाच्या पुढे काय आहे ते पाहावे लागले, मग पुस्तके मिळवून वाचावी लागली. या लेखात सांगतो आहे ते त्या वाचनातून आणि माझ्या चुकांतून आलेले आहे.

खारे पाणी येते कुठून?

पूर्णा नदी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात सातपुड्यात उगम पावते, अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहते आणि चांगदेवपाशी तापीला मिळते. गाविलगडच्या डोंगराच्या दक्षिण पायथ्याशी जमिनीला मोठा भ्रंश आहे. त्याच्या दक्षिणेस खचलेल्या खोलगटात नदीने लक्षावधी वर्षे गाळ भरला. बाकीच्या वऱ्हाडात थोडे खणले की काळा पाषाण लागतो. इथे मात्र चिकणमाती, गाळ आणि वाळूचे थर खोलवर उतरत जातात. या गाळात पाणी फार संथ हलते, मीठ वाहून जात नाही, साठत राहते. सुमारे पावणेपाच लाख हेक्टरांचा हा टापू म्हणजे खारपाणपट्टा. दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर, नांदुरा अशा तालुक्यांतली शेकडो गावे त्यात येतात.

या गावांत पाणी दोन प्रकारचे असते : गोड आणि खारे. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो, साबणाला फेस येत नाही. पूर्वी लोक नदीच्या वाळूत झिरे खणून पाणी भरत, किंवा गावातली एखादी गोड्या पाण्याची विहीर जिवापाड सांभाळत. पुढे वान आणि शहानूरसारख्या धरणांतून नळयोजना आल्या. तरीही ज्या दिवशी नळाला पाणी येत नाही त्या दिवशी बोअरशिवाय गती नसते. आरओ संयंत्रे गावोगाव पोचली ती याच गरजेतून. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येतात. खारपाणपट्ट्यातले कितीतरी बोअर ही दुसरी मर्यादाही ओलांडतात. अप्पर वर्ध्याचे पाणी पिणाऱ्या अमरावतीकराच्या स्वयंपाकघरातला आरओ पुष्कळदा हौसेचा असतो. पूर्णाकाठच्या गावात तो हौसेचा नसतो.

कैरीची फोड आणि पडदा

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते. मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात. पातळ पडद्याच्या एका बाजूला क्षार किंवा साखर जास्त असेल तर पाणी तिकडे ओढले जाते. यालाच परासरण म्हणतात. झां-आंत्वान नोले या फ्रेंच पाद्र्याने १७४८ मध्ये डुकराच्या मूत्राशयाचा पडदा वापरून ते प्रयोगाने दाखवले. खाऱ्या बाजूने पुरेसा दाब दिला तर पाणी उलट दिशेने जाते आणि क्षार मागे राहतात, हे व्यस्त परासरण. मात्र कामाचा वेग देणारा पडदा हाती यायला १९६० च्या आसपासचा काळ उजाडावा लागला. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचा तसा पडदा तयार केला. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा या गावाला खाऱ्या पाण्यातून असे गोडे पाणी मिळू लागले. आपल्यासारखेच ते जमिनीखालच्या खाऱ्या पाण्याचे गाव होते.

आजचा पडदा पॉलिअमाइडचा असतो. क्षार अडवणारा त्याचा थर केसाच्या काही सहस्रांश जाडीचा असतो. पडद्याच्या घड्या एका सच्छिद्र नळीभोवती गुंडाळलेल्या असतात. दोन घड्यांमध्ये जाळी असते आणि खारे पाणी या जाळीतून, एक मिलिमीटरहून अरुंद वाटेने, पुढे सरकते. त्यातले काही पडदा ओलांडून मधल्या नळीत येते, ते शुद्ध पाणी. उरलेले क्षार घेऊन बाहेर पडते. गावात त्याला वेस्ट म्हणतात.

हे वेस्ट पाणी म्हणजे नासाडी, असा जवळजवळ प्रत्येकाचा समज असतो. माझाही होता. खरे म्हणजे क्षारांना बाहेर जाण्याची ती एकमेव वाट आहे.

चावी आवळली की काय होते?

समजा, बोअरच्या पाण्याचा टीडीएस ३००० आहे. आत गेलेल्या पाण्यापैकी निम्मे शुद्ध होऊन निघाले, तर जवळजवळ सगळे क्षार उरलेल्या निम्म्यात राहतात, म्हणजे वेस्टचा टीडीएस ६००० होतो. वेस्टची चावी आवळून ७५ टक्के पाणी शुद्ध म्हणून काढले तर तेच क्षार पाव हिश्श्यात कोंबले जातात आणि टीडीएस १२००० वर जातो. दर १००० टीडीएसला परासरणाचा दाब साधारण ०.७ किलो धरतात. त्या हिशेबाने ३००० च्या पाण्याला ओलांडायचा उलट दाब सुमारे २ किलो असतो, १२००० च्या पाण्याला तो ८ किलोवर जातो. पंप १२ किलोने ढकलत असेल तर शेवटच्या मेम्ब्रेनमध्ये पाणी ढकलायला जेमतेम ४ किलो उरतात.

त्याहून वाईट गोष्ट विद्राव्यतेची. पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट मर्यादेत असतात तोवर विरघळलेले राहतात. चौपट दाट झाले की कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुना, बाहेर पडतो. अंघोळीच्या बंबात जो पांढरा पापुद्रा बसतो तोच इथे पडद्यावर बसतो. सल्फेट असेल तर जिप्समसारखे थर बसतात. बेसॉल्ट झिजून पाण्यात आलेली सिलिकाही फार दाट झाली की काचेसारखी चिकटते आणि ती काढणे सर्वांत अवघड.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये आरओतून किमान ६० टक्के पाणी परत मिळावे आणि पुढे ते ७५ टक्क्यांवर न्यावे, असे निर्देश दिले. पाणी वाचले पाहिजे हे खरेच. पण खाऱ्या बोअरवर ७५ टक्के गाठायचे तर आधी पाण्याची तपासणी हवी आणि मेम्ब्रेनची मांडणी त्या बेताची हवी. शिवाय अँटीस्केलंट हे क्षारांना धरून ठेवणारे औषध नेमक्या मात्रेत पडले पाहिजे. नुसती चावी आवळून ते साधत नाही.

मळ कोणता, हे जागेवरून ओळखावे

पडदा चार कारणांनी बिघडतो आणि प्रत्येक कारणाची जागा व लक्षणे वेगळी असतात.

पहिले कारण क्षारांचा थर. पाणी सर्वांत दाट शेवटी असते, म्हणून तो शेवटच्या मेम्ब्रेनमध्ये आधी बसतो. शुद्ध पाणी घटते आणि त्याचा टीडीएस वाढतो. अशी मेम्ब्रेन बाहेर काढून हातात घेतली तर पहिल्या मेम्ब्रेनपेक्षा चांगलीच जड लागते.

दुसरे कारण गाळ आणि गंज. वाळूचा फिल्टर उलटा धुतला नाही किंवा कार्ट्रिज वेळेवर बदलला नाही की बारीक माती, लोखंडाचा तांबूस चिखल किंवा तुरटीचा अंश आत जातो. तो पहिल्या मेम्ब्रेनमध्ये अडकतो. आत जाणारा दाब आणि वेस्टचा दाब यांतला फरक वाढत जातो.

तिसरे कारण जिवाणूंचा बुळबुळीत थर, म्हणजे शेवाळलेल्या रांजणात हाताला लागतो तसा. तोही बहुधा पुढच्या टोकाला सुरू होतो, दाबाचा फरक झपाट्याने वाढवतो आणि मेम्ब्रेन उघडल्यावर कुजट वास येतो. संयंत्र चार-आठ दिवस बंद राहिले, किंवा अँटीस्केलंट पातळ करून महिनाभर उघड्या ड्रममध्ये ठेवले, की याला आमंत्रण मिळते.

चौथ्या कारणात मळ नसतोच. पॉलिअमाइडचे क्लोरीनशी वैर आहे. पावसाळ्यात जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो, ते त्याचे कामच आहे. पण ते पाणी कार्बन फिल्टरमधून नीट न जाता पडद्यावर गेले तर पडदा विरत जातो. मग शुद्ध पाणी कमी होण्याऐवजी वाढते आणि सोबत टीडीएसही वाढतो. गावाला वाटते मशीन जोरात चालली आहे. या रोगाला धुण्याचा उपाय नाही. म्हणून ओटी टेस्टचे दोन थेंब टाकीच्या पाण्यात टाकतात तसेच कार्बन फिल्टरनंतरच्या पाण्यातही टाकावेत. तिथे पिवळा रंग दिसला तर पंप सुरू करू नये.

याशिवाय एक फसवा प्रकार आहे. प्रत्येक नळकांड्यातून निघणाऱ्या शुद्ध पाण्याचा टीडीएस वेगवेगळा मोजला आणि एकाच ठिकाणी तो एकाएकी वाढलेला आढळला, तर दोष बहुधा पडद्याचा नसून तुटलेल्या ओ-रिंगचा असतो. काही रुपयांच्या रबरी कड्यापायी चांगली मेम्ब्रेन फेकून दिलेली मी पाहिली आहे.

हिव भरणारे यंत्र

आता आजीच्या प्रश्नाकडे येतो. थंड पाणी दाट होते, तेलासारखे जड सरकते. दाब तोच ठेवला तरी पाण्याचे तापमान एका अंशाने उतरले की पडद्यातून येणारे पाणी साधारण ३ टक्क्यांनी घटते. म्हणून मेम्ब्रेनची क्षमता नेहमी २५ अंशांना सांगतात. २५ अंशांना ताशी १००० लिटर देणारा स्वच्छ पडदा १५ अंशांना सुमारे ७०० लिटर देतो. ३५ अंशांना तोच सुमारे १३०० लिटर देतो.

बोअरमधून निघताना पाण्याचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. पण आपल्याकडे ते आदल्या संध्याकाळी उघड्यावरच्या प्लास्टिकच्या टाकीत भरून ठेवतात आणि सकाळी यंत्रात सोडतात. पौषातल्या रात्री ती टाकी गारठते आणि वैशाखात तापते. त्या जानेवारीत ७०० लिटर येत होते, कारण पाणी थंड होते. पडदा स्वच्छ होता.

यातली खरी गोम उन्हाळ्यात आहे. मे महिन्यात ३५ अंशांच्या पाण्यावर यंत्र १००० लिटर देत असेल तर चालवणारा निर्धास्त असतो. पण त्या तापमानाला १३०० यायला हवे होते. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा गेलेला असतो आणि ऊन ते झाकून ठेवते. हिवाळा निरोगी पडद्याला आजारी दाखवतो, तर उन्हाळा आजारी पडद्याला निरोगी. गरम पाण्यात क्षारही थोडे जास्त पडदा ओलांडतात, तेव्हा उन्हाळ्यात टीडीएस किंचित चढला म्हणूनही घाबरण्याचे कारण नसते.

म्हणून रोज सात आकडे लिहावेत : पाण्याचे तापमान, आत जाणारा दाब, वेस्टचा दाब, शुद्ध पाण्याचा ताशी प्रवाह, वेस्टचा ताशी प्रवाह, बोअरच्या पाण्याचा टीडीएस आणि शुद्ध पाण्याचा टीडीएस. पाच मिनिटांचे काम आहे. मेम्ब्रेन नवी असतानाचे आकडे पहिल्या पानावर हवेत, कारण पुढची सगळी तुलना त्यांच्याशी करायची असते. तापमानाचा हिशेब करूनही प्रवाह १० ते १५ टक्क्यांनी घटला, किंवा दाबांतला फरक १५ टक्क्यांनी वाढला, तर धुण्याची वेळ झाली. त्याआधी धुणे म्हणजे पडद्याचे आयुष्य उगाच झिजवणे, आणि फार उशीर केला तर धुण्याचे पाणी आत फिरायला वाट उरत नाही.

धुताना

धुण्यापूर्वी मळाची ओळख पटली पाहिजे. शेवटच्या नळकांड्याच्या झाकणाशी साठलेली खर खरवडून पांढऱ्या बशीत घ्यावी आणि तिच्यावर ॲसिडचा थेंब टाकावा. फसफसली तर चुना. चुना आणि लोखंड यांना आम्ल लागते. साधे सायट्रिक ॲसिड, पाण्याच्या २ टक्के, पुष्कळदा पुरते. जिवाणूंचा थर आणि सेंद्रिय मळ यांना अल्कली लागते, म्हणजे कॉस्टिकचे सौम्य द्रावण. त्याचा सामू आणि तापमान किती चालेल हे मेम्ब्रेनच्या माहितीपत्रकात छापलेले असते, ते ओलांडू नये. दोन्ही प्रकारचा मळ असल्यास बहुधा अल्कली आधी आणि आम्ल नंतर वापरतात, कारण आम्लाने सेंद्रिय थर आणखी घट्ट बसू शकतो. दोन्ही द्रावणे एकत्र कधीही करू नयेत आणि मध्ये शुद्ध पाण्याने भरपूर खळबळून घ्यावे. द्रावण कमी दाबाने पण भरपूर प्रवाहाने फिरवावे, थोडा वेळ मुरू द्यावे, पुन्हा फिरवावे. जोराचा दाब दिला तर सुटलेला मळ परत पडद्यावरच दाबला जातो. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि धुण्याचे पाणी संपूर्ण निघून गेल्याशिवाय एकही कॅन भरू नये.

त्या गावात काय झाले?

जानेवारीत मी ॲसिडने धुतले. फरक पडला नाही, कारण धुण्यासारखे काही नव्हतेच. आठ दिवसांनी पुन्हा धुतले. तरीही रांग हटेना, तेव्हा मी वेस्टची चावी आवळली. शुद्ध पाणी वाढले आणि गाव खूश झाले. मी चावी तशीच ठेवून अकोल्याला परतलो. महाशिवरात्रीनंतर पाणी तापू लागले तसा प्रवाह आणखी वाढायला हवा होता, तो उलट घटू लागला. होळीपर्यंत शुद्ध पाण्याचा टीडीएसही चढला. मी पोचलो तेव्हा धुण्याचे द्रावण पलीकडे जाईना.

शेवटची मेम्ब्रेन मी दुकानात आणून करवतीने कापली. जाळीत दगडासारखी पांढरी खर भरली होती. ॲसिडच्या थेंबाने तिचा काही भाग फसफसला, काही तसाच राहिला. पहिली मेम्ब्रेन कापली, ती जवळजवळ स्वच्छ होती. जानेवारीत जो रोग नव्हता तो औषध देऊन मी निर्माण केला होता. संयंत्र महिलांचा एक बचतगट चालवत होता. २० लिटरच्या कॅनमागे पाच-पाच रुपये जमवून त्यांनी शिल्लक टाकली होती, ती नव्या मेम्ब्रेनमध्ये गेली. माझी मजुरी मी परत केली, पण नवी मेम्ब्रेन येईपर्यंत गावाने तीन आठवडे खारे पाणी प्यायले. ते परत करता येत नाही.

त्यानंतर मी एक नियम केला. गावात गेलो की आधी वही मागतो. बहुतेक ठिकाणी वही नसते. भिंतीवर देणगीदाराची पाटी असते, उद्घाटनाचा फोटो असतो, पण पहिल्या दिवशीचे आकडे कुणीच लिहून ठेवलेले नसतात. कुलूप लागलेली कितीतरी संयंत्रे मी पाहिली. "मेम्ब्रेन गेली" हे प्रत्येक ठिकाणी कारण सांगतात. ती कशाने गेली, हे सांगणारा कागद नसतो, म्हणून नवी बसवली तरी तीही त्याच वाटेने जाते.

वेस्टच्या पाण्याबद्दल एक सांगायचे राहिले. चावी मोकळी ठेवा म्हटले की ते जास्त निघणार. फरशी आणि संडास धुण्यापुरते ते चालते. शेतात मात्र सोडू नये. सोडियमने काळी माती विस्कटते, वाळली की दगड होते आणि पाणी मुरू देत नाही. खारपाणपट्ट्याच्या जमिनीचे मूळ दुखणे हेच आहे. ते विहिरीशेजारच्या नालीत सोडले तर मीठ फिरून आपल्याच घागरीत येते. संयंत्राची जागा ठरवतानाच या पाण्याची सोय ठरवायला हवी.

त्या गावात आता वही आहे. गटातली दहावी शिकलेली एक सून रोज सकाळी सात आकडे लिहिते. टाकीवर पत्र्याचे छप्पर घातले आहे आणि हिवाळ्यात टाकी रात्री न भरता सकाळी बोअर चालवून ताजे पाणी घेतात. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा पूर्णाकाठी पहाटे थंडी पडू लागलेली असेल आणि गावोगावच्या संयंत्रांचे पाणी बारीक होऊ लागेल. कुणी ॲसिडचा कॅन उघडायला निघाले तर त्याला आधी टाकीत हात बुडवून पाहायला सांगावे.